ताडपत्रीखालचं उड्डाण

माणूस ओळखण्यात माझा हात धरणारा कोणी नाही! तीस वर्षं फ्लाइंग क्लबचा मॅनेजर आहे. कोण गोड बोलून काय लाटणार, हे मला तो फाटकातून आत शिरायच्या आधीच कळतं.

म्हणून ते पत्र आलं तेव्हाच मी सावध झालो. सरकार आणि विमानांचे कारखानदार मिळून म्हणे छोट्या क्लबांना मदत करणार! पाहणीत पसंत पडलं तर धावपट्टी नवी करून देणार! आमच्या धावपट्टीला इतक्या भेगा पडल्या होत्या की वर्षभरात क्लबला कुलूपच लागलं असतं. पण सरकार आणि कारखानदार, दोघं एकाच गाडीतून येणार?

"कुठेतरी पाणी मुरतंय," मी मेहुण्याला म्हणालो. मेहुणा आमचा एकुलता एक वैमानिक. "यांचा डोळा आपल्या जागेवर आहे. विमानाचा टायर पार गुळगुळीत झालाय. तो दिसला की विमान बंद, मग क्लब बंद!"

"भावोजी, नवा टायर परवा येतोय की."

"आणि ते उद्या येतायत! विमान दिसताच कामा नये."

सकाळी हँगरच्या कोपऱ्यात विमान ढकललं, वर ताडपत्री टाकली, पुढे जुनी कपाटं लावली. मेहुण्यालाही आतच बसवलं. कारण फळ्यावर मी त्याच्या नावापुढे ठळक लिहिलं होतं: उड्डाण दहा, परत अकरा.

सरकारी अधिकारी बाई आल्या, सोबत कारखान्याचा इंजिनिअर. बाई चक्क हसऱ्या होत्या. माझा संशय दुप्पट झाला!

"विमान कुठंय?"

"आकाशात!"

"वा! मग उतरताना बघूनच जाऊ," म्हणत इंजिनिअरने हँगरमध्येच खुर्ची ओढली.

मेलो! मी चहा पाजला, ट्रॉफ्या दाखवल्या, परत चहा पाजला. इंजिनिअर सारखा घड्याळ बघत होता. हा मला खिंडीत गाठतोय, मी ओळखलं. साडेअकराला बाई उठल्या.

"विमानाला अर्धा तास उशीर झाला की भोंगा वाजवायचा, असं भिंतीवर लिहिलंय ना?"

लिहिलं होतं. माझ्याच अक्षरात! "तो जरा निवांत उडतो हो..." म्हणेपर्यंत त्यांनी बटण दाबलंसुद्धा.

पाच मिनिटांत बंब, ॲम्ब्युलन्स, पोलीस, सगळे हजर! समोरच राहणारी माझी बायको धावत आली. तिने फळा वाचला आणि मटकन खाली बसली.

"अहो, माझा भाऊ कुठंय?"

खरं सांगावं तर क्लब जातो, लपवावं तर संसार! मी तोंड उघडणार, इतक्यात ताडपत्री शिंकली.

"आक्छीं! भावोजी, उतरू का आता?"

कपाटं सरकली. ताडपत्री निघाली. इंजिनिअरने वाकून टायर पाहिला.

"एवढ्यासाठी? अहो, टायर तर आम्हीच देणार होतो! योजनेतच आहे ते."

बायको माझ्याशी आठवडाभर बोलली नाही. मग पत्र आलं. 'बचावाची तयारी वाखाणण्याजोगी. धावपट्टी मंजूर. अट एकच: मॅनेजर बदलावा.'

नवा मॅनेजर मेहुणा! मी आता फाटक उघडतो आणि लावतो. तक्रार काहीच नाही. फक्त एक विचारतो, दीड तास गप्प बसलेला माणूस नेमका तेव्हाच कसा शिंकला?