एका घरात तीन योहान

कुशाबांनी कागद आडवा धरला, उभा धरला, चष्मा पुसून पुन्हा वाचला. पण आई एकच राहिली आणि बाप तीनच झाले.

कागद म्हणजे जर्मनीतल्या एका देवळातल्या जुन्या नोंदींची नक्कल. महाडच्या दवाखान्यातल्या जर्मन एम्माबाईंच्या आजोबांचा बाप्तिस्मा, म्हणजे आपलं बारसंच, त्यात नोंदलेलं होतं. बाईंना जर्मन बोलता येई, पण ती जुनी वळणं लागत नसत. त्यांची मोडीच ती! कुशाबा जर्मनांशी लढाई जुंपण्यापूर्वी मुंबईत एका जर्मन व्यापाऱ्याकडे पत्रांच्या नकला करीत. अक्षर लागे, अर्थ मात्र कापसाच्या गासड्यांपुरताच. तरी अख्खं पोलादपूर त्यांना 'जर्मन कुशाबा' म्हणे, आणि ती पदवी सोडवेल कुणाला?

शिवाय उपकार होते. लेक आवडी बाळंतपणात अडली तेव्हा बाई महाडहून धावत आल्या आणि मायलेकी दोघींना वाचवलं. "बाई, जन्मभर तुमच्या घरी पाणी भरीन," कुशाबा रडत म्हणाले होते. बाईंनी पाण्याऐवजी हा कागद दिला. म्हणाल्या, "माझ्या पुढं कुणी नाही कुशाबा. मागं कोण होतं ते तरी कळू द्या."

आणि मागं हे निघालं! पहिला मुलगा योहान गेऑर्ग, दुसरा योहान पेटर, म्हणजे बाईंचे आजोबा, तिसरा योहान हाइनरिख. शेवटच्या रकान्यात तेच बाप्ये: गेऑर्ग, पेटर, हाइनरिख. मधलं नाव त्यांचं, म्हणजे बापही तेच! आई तिन्ही ओळींत आन्ना. आडाम नावाचा आणखी एक गृहस्थ प्रत्येक ओळीत होता, त्याला कुशाबांनी पाद्री ठरवून टाकलं.

"अगो, देवमाणूस बाई, आणि घराणं बघ!" त्यांनी बायकोला हळूच सांगितलं.

चंद्राबाईंनी तोंडावर पदर घेतला. "बाईला यातलं काय बोलू नका. जीव जाईल तिचा."

दुसऱ्या दिवशी बाई बाळंतिणीला बघायला आल्या. "वाचलंत?"

"डोळं चुरचुरतात," कुशाबा म्हणाले. झालं! बाईंनी त्यांना खाटेवर आडवं केलं, डोळ्यांत औषध घातलं आणि वरून पट्टी बांधली. त्यानंतर रोज आवडीआधी कुशाबांचीच तपासणी होऊ लागली. चंद्राबाई त्यांना हाताला धरून परसात नेत आणि वाटेत पोटभर हसत. कुशाबांना मात्र बाईंच्या मायेची लाज वाटून पट्टीखाली खरंच डोळे भरून येत.

बारशाच्या दिवशी पाळणा सजला आणि बाई म्हणाल्या, "डोळ्यांना ताण नको. कागद मी मुंबईला आमच्या लोकांत देते. कुणीही वाचून दाखवेल."

कुशाबांनी पट्टी ओरबाडून काढली. "नको बाई! चारचौघांत नको! तुमच्या आजोबांचा बाप पेटर, त्यांच्या भावांचे बाप निराळे. तुमचा काय दोष नाय त्यात!"

बाईंनी कागद घेतला, "ओळी सांगा," म्हणाल्या. कुशाबा बोट ठेवून वाचत गेले. तिसऱ्या ओळीला बाई हसत सुटल्या आणि मटकन पाटावर बसल्या.

"अहो, आमच्यात मधलं नाव बापाचं नसतं! घरोघरी सगळे योहानच. पुढचं नाव धर्मबापाचं. मुलाला हातात धरून उभा राहतो, आयुष्यभर त्याच्यावर माया करतो, त्याचं. बाप आडाम!"

"पाद्री?" कुशाबांच्या तोंडून गेलं.

"माझे पणजोबा!" बाईंनी डोळे पुसले. "बरं झालं कुशाबा. तुमच्यामुळं भेटले मला."

पाळण्याशी आत्यानं मुलीच्या कानात 'साळू' म्हटलं. तेवढ्यात चंद्राबाईंनी मूल उचललं आणि सरळ बाईंच्या हातांत दिलं. "धरा. हिला जगात तुम्हीच आणलंत. तुमच्या रीतीनं तुमचं नाव लावा पुढं."

बाईंनी नकलेखाली आपलं नाव लिहिलं, आणि त्याच्याही खाली: साळू एम्मा.

कुशाबा मात्र कासावीस झाले. "अगो, जावयाला काय सांगू? शंभर वर्षांनी कुणी वाचलं तर एम्मा हाच पोरीचा बाप समजेल!"

"समजू दे," चंद्राबाई म्हणाल्या. "तोवर तुम्ही आपले पाद्री व्हा, आणि घुगऱ्या वाटा."