आश्चर्याची पूर्वसंमती

रेस्टॉरंटच्या टेबलावर कोणती जादू चालेल, हा प्रश्न वाटतो तितका साधा नाही. टेबल छोटं. त्यावर प्लेटा, ओले ग्लास आणि कुणाचा तरी उताणा फोन. बारच्या बाजूला अंधार आणि गोंगाट. म्हणजे जादू हातातल्या हातात व्हायला हवी, दोन मिनिटांत संपायला हवी आणि पुढच्या टेबलापर्यंत पोचताना खिशात पुन्हा तयार हवी. हे मी आरशासमोर तीन वर्षं घासून शिकलो. गुरू वगैरे कुणी नाही. आरसा आणि आईची बोलणी.

बाबांनी मुदत दिली होती. "महिन्याभरात नोकरी पक्की झाली तर तुझं खरं. नाहीतर मामाच्या झेरॉक्सच्या दुकानात उभं राहायचं."

मामा तर वाटच बघत होता. "ये की रे. माझ्याकडेही एकाचे दोन होतात. आणि लोक मागे लपवलेलं शोधत बसत नाहीत."

तर महिन्याच्या बोलीवर एका बऱ्यापैकी रेस्टॉरंटमध्ये लागलो. मॅनेजरसाहेबांनी दुसऱ्याच दिवशी पाहुणे-समाधान समिती बसवली. समितीत ते स्वतः, मुख्य आचारी आणि दारावरचे सुरक्षावाले काका. मी चार प्रयोग निवडून नेले होते.

पहिला, नाणं गायब.

"नाणं कुणाचं?" साहेबांनी विचारलं.

"पाहुण्याचं."

"म्हणजे आपल्या जागेत पाहुण्याची वस्तू गायब होणार, आणि ती आपणच करणार?"

"आधीच हरवलेल्या छत्र्यांनी माझं डोकं उठवलंय," काका म्हणाले. नामंजूर.

पत्ते काढले, तर साहेब म्हणाले, पत्ते म्हणजे जुगार. मी म्हटलं, यात कुणीच हरत नाही. "तेच तर संशयास्पद आहे," काका म्हणाले.

तिसरा, अंगठीचा. आचाऱ्याने दोन्ही हात वर केले. "नवरा-बायकोच्या टेबलावर अंगठी मागायची नाही. गेल्या वर्षी एका पाहुण्याला त्याच्या मित्राने नुसती दाखव म्हटलं. इतकी पटकन निघाली की बायको जेवली नाही."

चौथा, स्पंजचे लाल गोळे. हे मी आदल्या दिवशी खिडकीजवळच्या टेबलावर करून पाहिले होते.

"ते माझ्या स्टार्टरसारखे दिसतात," आचारी म्हणाला. "एकाने खाल्ला ना काल?"

"अर्धा. लगेच काढून घेतला मी."

"मग? काय म्हणाला?"

"आणखी आहेत का, म्हणाला."

आचाऱ्याने टोपी काढून टेबलावर ठेवली. नामंजूर.

शेवटी रुमाल मंजूर झाला. अटी दोनच. तो गायब होणार नाही आणि त्यातून काही निघणार नाही. मी विचारलं, मग रुमालाने करायचं काय? साहेब म्हणाले, "ते तू बघ. कलाकार तू आहेस."

उठता उठता त्यांना आणखी एक सुचलं. अचानक आश्चर्य वाटून एखाद्याच्या छातीत धडधडलं तर? म्हणून पाहुण्याला आश्चर्य वाटणार असल्याची लेखी कल्पना आधी द्यायची आणि सही घ्यायची. मसुदा मीच टाइप केला.

कलम एक: मला आश्चर्य वाटणार आहे, याची मला कल्पना आहे. कलम दोन: वाटलेलं आश्चर्य मी माझ्याच टेबलापुरतं ठेवीन. कलम तीन: आश्चर्य न वाटल्यास सात दिवसांत लेखी कळवीन. कलम पाच: मी माझं घड्याळ स्वखुशीने जादूगाराच्या ताब्यात देत आहे. कलम सहा: वरील सर्व कलमं मी नीट वाचली आहेत.

घड्याळाचं कलम मी निव्वळ वैतागून घातलं. समितीच्या लक्षात येईल, आरडाओरडा होईल, मग मीही चार शब्द ऐकवीन. समितीतल्या तिघांनीही सह्या केल्या आणि चहा मागवला.

पहिल्याच टेबलावर एक आत्या आणि तिचा भाचा. आत्याबाई सही करत असताना मी त्यांच्या मनगटाखाली रुमाल सरकवला. सही संपेपर्यंत घड्याळ माझ्या खिशात.

"माझं घड्याळ!" आत्याबाई किंचाळल्या. "अरे, चोर आहे हा!"

"कलम पाच," मी म्हटलं. "सही तुमचीच."

त्यांनी कागद वाचला. पुन्हा वाचला. मग भाच्याच्या पाठीत धपाटा घातला. "मेल्या, तू वकील ना? आधी तूच सही केलीस की!" आजूबाजूची टेबलं हसून हसून लाल. मी घड्याळ परत दिलं, टाळ्या पडल्या. पंधरा दिवसांत लोक खास त्या कागदासाठी यायला लागले. मी बाबांना सांगून टाकलं, नोकरी पक्की समजा.

महिना संपताना साहेबांनी समितीपुढे बोलावलं. "प्रयोग अप्रतिम आहे. पण मला एक सांग, सही तर पाहुणा स्वतः करतो. मग यात तुझं काम काय?"

"घड्याळ काढणं, साहेब. त्याला तीन वर्षं लागली."

"पण कलम पाचनुसार ते द्यायला तो बांधील आहे. वेटर मागून घेईल." बरोबरच होतं. माझ्याच शब्दांत होतं. त्याच बैठकीत आचाऱ्याने घड्याळाच्या कलमाखाली एक ओळ वाढवून घेतली, मागवलेला पदार्थ येईलच असं नाही. काकांनी छत्र्यांचं काय ते घालून घेतलं.

आता मी मामाच्या दुकानात उभा असतो. रेस्टॉरंटचं काम आमच्याकडेच येतं. त्या कागदाच्या आठवड्याला पाचशे प्रती. चार महिने झाले. परवा मामाने मशीनमधली एक प्रत उचलली, चष्मा कपाळावरून खाली घेतला.

"काय रे, चौथं कलम कुठंय?"

मी मूळ कागद पाहिला. नव्हतं. कधीच नव्हतं. समितीने मंजूर केलं, वकिलाने सही केली, हजारो पाहुण्यांनी सगळी कलमं नीट वाचल्याचं लिहून दिलं. टाइप करणाऱ्या मलाही पत्ता नव्हता.

मामा हसत सुटला. तुम्हीही हसा. वर तीच कलमं तुम्हीही आत्ताच वाचून आलात, आणि तुम्हाला तर कुणी सहीसुद्धा मागितली नव्हती.