चव बघितली आणि मिशी गेली

"पहिल्या फटक्यात पास झालो नाही, तर भर रस्त्यात मिशी उतरवीन!" हॉटेलवाल्यानं शेजारच्या सलूनवाल्याला सुनावलं. जिंकला तर त्याची वर्षभर दाढी फुकट. सलूनवाला वस्तऱ्याला धार लावायला बसला.

नवा नियमच तसा होता. चूल पेटलेली असेल तोवर अन्नसुरक्षेचं प्रमाणपत्र असलेला मॅनेजर स्वयंपाकघरात हजर हवा. नसला तर हॉटेलला कुलूप. म्हणून मालक स्वतःच त्या परीक्षेला बसणार होता.

आपल्या गड्याला अभ्यासाचं भलतंच वेड लागलं. नवा थर्मामीटर घेऊन तो दिसेल त्यात खुपसत सुटला. स्वतःचा चहा झाला, बायकोचा चहा झाला, मग सलूनवाल्याचं दाढीचं पाणी. "छप्पन्न अंश," तो गंभीरपणे म्हणाला. "यात जंतू मजेत राहतील."

लेखी पेपर त्यानं झोपेत सोडवावा तसा सोडवला. राहिली प्रात्यक्षिक परीक्षा. तपासनीस बाई सकाळीच वही घेऊन हजर. यानं वीस सेकंद हात धुतले, टोपी घातली, कच्च्याची सुरी वेगळी, शिजल्याची वेगळी. सूप उकळलं, तापमान अचूक. बाई खूश. खिडकीतून डोकावणाऱ्या सलूनवाल्याचा चेहरा उतरला.

बाईंनी सहज विचारलं, "मीठ बरोबर आहे ना?"

झालं! तीस वर्षांची सवय. यानं डाव उचलला, सुर्रकन चव घेतली, उष्टा डाव परत पातेल्यात घातला आणि म्हणाला, "एक नंबर!"

बाईंनी पेनाला टोपण लावलं. खिडकीबाहेर कुणीतरी शीळ घातली.

पातेलंभर सूप मोरीत गेलं. याचं तोंड बघून बाईंना दया आली असावी, दुपारी पुन्हा संधी दिली. या खेपेला मिठाचं विचारताच यानं दोन्ही हात मागे बांधले, स्वच्छ चमचा मागवला आणि पास झाला. बाई प्रमाणपत्र लिहायला बसल्या.

पण पैज पहिल्या फटक्याची होती. सलूनवाल्यानं खुर्ची फुटपाथवर मांडलीच होती. गल्ली गोळा झाली. मिशीची डावी बाजू गेली, उजवी गेली, टाळ्या पडल्या.

तेवढ्यात बाई फोटो चिकटवलेलं प्रमाणपत्र घेऊन बाहेर आल्या. "आत चूल पेटलेली, आणि मॅनेजर कुठे गेले?"

"मीच की," खुर्चीतून आवाज आला.

बाईंनी झुपकेदार मिशीचा फोटो बघितला, मग तो गुळगुळीत चेहरा. शेवटी गर्दीतल्या त्याच्या बायकोला विचारलं, "हे तुमचेच का हो?"

बायकोनं बराच वेळ निरखून पाहिलं.

"आवाज तरी त्यांचाच आहे."