एसी आयोग आणि आनुषंगिक बाबी

घरातली भांडणं कशी मिटवावीत, हे मला विचारा! मी ऑस्ट्रेलियात डार्विनला केंद्र सरकारच्या एका नियामक संस्थेत नोकरीला आहे. परवाने द्यायचे, परवाने नाकारायचे आणि का नाकारले ते पानंच्या पानं लिहून कळवायचं, हे माझं काम. प्रशासकीय कायदा माझ्या नसानसांत भिनलाय. निदान ऑफिसात मी तसं सांगतो.

तर आमच्या घरातलं भांडण एसीचं! पावसाळ्याआधीच्या चिकट उकाड्यात इथे आंघोळ करून टॉवेल शोधेपर्यंत माणूस पुन्हा आंघोळीला आलेला असतो. मला एसी एकवीसवर लागतो. माझी बायको शुभदा दिवसभर हॉस्पिटलच्या एसीत गारठून येते, तिला सव्वीसवर. आमची लेक कादंबरी युनिव्हर्सिटीत कायदा शिकते. तिला फक्त रिमोट हातात लागतो, आकडा कुठलाही चालतो. आणि पुण्याहून आलेल्या सासूबाई स्वेटर घालून हे सगळं बघत असतात.

एका संध्याकाळी ओढाताणीत रिमोटचं झाकण उडालं आणि सेल सोफ्याखाली गेले. मी जाहीर केलं, "बास! आपण आयोग नेमू!"

"कसला आयोग?" शुभदाने विचारलं.

"अगं, संसदेला प्रत्येक गोष्टीत लक्ष घालायला वेळ नसतो. मग ती कायदा करते, एक स्वतंत्र संस्था नेमते आणि अधिकार तिच्यावर सोपवते. विमानं, औषधं, बँका, सगळं असंच चालतं. अशा संस्था इतक्या वाढल्या त्या काय उगाच?"

"म्हणजे संसद मी ना? मग मंजूर! पण आयोग तटस्थ हवा."

तटस्थ आयोग मी आधीच हेरून ठेवला होता. सासूबाई! त्यांनी जावयाला आजवर कधी नाही म्हटलं नव्हतं, म्हणजे एकवीस पक्के. कायद्याचा मसुदाही मीच केला, ऑफिसच्या थाटात: 'आयोग घरातील तापमानाचे व त्यास आनुषंगिक सर्व बाबींचे नियमन करील.'

"आनुषंगिक म्हणजे?" सासूबाईंनी विचारलं.

"त्याला चिकटून जे जे येईल ते, आई. तुमच्या मनाने ठरवा!"

हे शेवटचं वाक्य मी गिळायला हवं होतं.

पहिल्या दिवशी आयोगाने एसी चोवीसवर ठेवला. ठीक आहे, म्हटलं, हळूहळू उतरतील. दुसऱ्या दिवशी मी फ्रीज उघडून आंबा शोधत होतो, तर मागून आवाज आला, "जावईबापू, गार हवा बाहेर जातेय. हे आनुषंगिक आहे!" झाला फ्रीज विभाग सुरू! मग अंगणाचं सरकतं दार उघडं राहिलं, म्हणून दार विभाग. टीव्ही मागून तापतो, म्हणून टीव्ही विभाग. मॅच बघताना मी ओरडतो आणि ओरडून माझं अंग तापतं, म्हणून माझं ओरडणंसुद्धा आनुषंगिक! सगळ्या विभागांच्या प्रमुख सासूबाईच. फक्त विभाग बदलला की त्या चष्मा बदलायच्या.

मी संसदेकडे धाव घेतली. संसद शाल पांघरून सुखात बसली होती.

"आयोग स्वतंत्र आहे," शुभदा म्हणाली. "तूच म्हणालास."

आणि त्यातच शनिवार उजाडला! मी ऑफिसात टीम लीडर होतो खरा, पण अ‍ॅक्टिंग. ते हंगामी पद पक्कं करायचं की नाही हे ठरवणाऱ्या डायरेक्टर मार्गारेट कॅनबेराहून आल्या होत्या. मी अख्ख्या ऑफिसला दुपारचं आमंत्रण देऊन बसलो होतो, "सॅटरडे आर्व्होला घरी या. माझ्या हातचे बटाटेवडे खाल्ल्याशिवाय इंडिया कळत नाही, मेट!" बटाटे उकडून झाले, कढई चढवली, तेवढ्यात हुकूम आला.

"गॅस बंद! एवढं तेल तापवायचं घरात? परवानगी नाही."

"बरं, मी बाहेर बार्बेक्यूच्या बर्नरवर तळतो."

"आणि प्रत्येक घाण्याला दार उघडणार? तो दार विभागाचा विषय." सासूबाईंनी चष्मा बदलला. "दार विभागाचंही हेच मत आहे."

मी कादंबरीच्या खोलीत घुसलो. "कादू, तू न्यायाधिकरण हो! मला अपील करायचंय!"

"बाबा, आय हॅव अ‍ॅन असाइनमेंट!"

"अगं, माझं प्रमोशन वड्यांवर आहे!"

"फाइन. बट मी तुझ्या साइडने नसणार हं." ती बाहेर आली. "आजी, निर्णय द्यायच्या आधी बाबाचं ऐकून घेतलंस?"

"त्यात ऐकायचं काय?"

"रीझन्स लिहून दिलीस?"

"तोंडाने सांगितलं की!"

"नो हिअरिंग, नो रिटन रीझन्स. आजी, यू कान्ट डू दॅट. निर्णय रद्द!"

मी झारा उंचावून स्वयंपाकघरभर नाचलो.

"थांब ना, बाबा! मॅटर गोज बॅक टू आजी. ती पुन्हा डिसाइड करणार. प्रॉपरली."

माझा झारा हवेतच राहिला. कारण हेच मी रोज फोनवर लोकांना गोड आवाजात सांगतो: अभिनंदन, तुम्ही जिंकलात, आता आमचंच खातं पुन्हा निर्णय घेईल! त्यावर पलीकडे ते फोन का आपटतात, ते मला त्या दिवशी कळलं.

सासूबाईंनी मात्र कायदा मनावर घेतला. मला खुर्ची दिली, पाणी दिलं, म्हणाल्या, "बोला." मी काळीज ओतून बोललो. इतकी वर्षं अ‍ॅक्टिंग राहणं कसं असतं, पद हातचं गेलं तर काय होईल, सगळं सांगितलं. सासूबाईंनी पदराने डोळे टिपले. मग एक कागद घेऊन निर्णय लिहिला आणि फ्रीजवर मॅग्नेटने लावला.

'जावयांचे म्हणणे पूर्ण ऐकून घेतले. पटले नाही.'

तेवढ्यात बेल वाजली! घामाने निथळत ऑफिस आत आलं. मी क्षमा मागायला तोंड उघडणार, तोच सासूबाईंनी फ्रीज विभागाच्या खास परवानगीने गारेगार ताक काढलं. पाठोपाठ दहीपोहे आले. माझ्या उकडलेल्या बटाट्यांची एव्हाना दह्यातली कोशिंबीर झाली होती. मार्गारेट ग्लासामागून ग्लास रिकामे करत सुटल्या. मग त्यांची नजर फ्रीजवरच्या कागदाकडे गेली. कादंबरीने त्याचं भाषांतर केलं. बाई इतक्या हसल्या, की त्यांना खुर्ची धरावी लागली.

"दत्ता, तुझी रीझन्स किती पानं असतात?"

"पंधरा-वीस," मी चाचरत म्हणालो.

"मंडेपासून अशी लिही!"

सोमवारी माझं पद पक्कं झालं. मी गाडी उडवतच घरी आलो. दारातूनच ओरडलो, टीव्ही विभागाची पर्वा न करता, "आई, प्रमोशन झालं! आज तरी वडे?"

सासूबाईंनी डोळ्यांवरचा चष्मा काढला, दुसरा चढवला आणि प्रेमाने म्हणाल्या, "अर्ज करा, जावईबापू. ऐकून घेऊ!"