येणाऱ्या मशीनसाठी डब्यांची रांग

"धम्मा, माझा पिठाचा डबा गिरणीत काय करतोय? आणि रिकामा! आत गव्हाचा एक दाणा नाही! दळायचं काय त्यात, वारा?"

"आई, तू त्याला हात लावू नकोस हां. नंबर जाईल माझा."

"कसला नंबर?"

"पहिला!"

कांताबाईंनी हातातलं लाटणं आधी ओट्यावर ठेवलं, कारण लाटणं हातात असताना असल्या पोराशी बोलणं धोक्याचं असतं (पोराला). मग म्हणाल्या, "आणि मी पीठ कशात ठेवू? तुझ्या डोक्यात? जागा आहे म्हणा तिथं भरपूर."

धम्मदीपला राग यायला फार वेळ लागत नसे. दार आपटून तो निघून गेला. दार परत उघडलं, कारण ते पहिल्यापासून नीट लागत नव्हतं, म्हणून त्याने ते पुन्हा एकदा आपटलं.

हा डबा तिथे का होता, हे कळायला आधी एक गंभीर सत्य समजून घ्यावं लागेल. जगात यंत्रं दोनच प्रकारची असतात: आलेली आणि येणारी. आलेलं यंत्र तापतं, ऐन गोलच्या वेळी अडकतं, त्याच्या रिमोटचं डावं बटण कुणीतरी रागात दाबून आत घातलेलं असतं. येणारं यंत्र कधीच तापत नाही. त्याच्याबद्दल आजपर्यंत एकाही माणसाने तक्रार केलेली नाही. यातलं चांगलं कुठलं, हे शेंबडं पोरगंही सांगेल. धायरीत तर न विचारता सांगतं.

पुण्याच्या कडेच्या या धायरीत हिंमतराव यांची पिठाची गिरणी आहे. धायरी हे गाव होतं तेव्हापासून आहे. मग सिंहगड रोडने बिल्डिंगा आल्या, बिल्डिंगांमध्ये कॉम्प्युटरवाले आले, आणि कॉम्प्युटरवाले पीठ पिशवीतनं विकत घेतात असं निघालं. हिंमतरावांनी डोकं लावलं. गिरणीच्या मधोमध प्लायवूड ठोकून मागे गिरणी ठेवली आणि पुढे गेम झोन काढला. एकाच शटरखाली मागे ज्वारी, पुढे फुटबॉल. पीठ मात्र प्लायवूडला जुमानत नसे. त्यामुळे तिथून बाहेर पडणाऱ्या प्रत्येक पोराचे केस पांढरे असत आणि पोरगं उगाचच अनुभवी दिसे.

गेमचं नवीन मशीन बाजारात येणार ही बातमी लागली तेव्हा हिंमतराव म्हणाले, "आलं की आणू." एवढ्यावरच पोरांची हाणामारी झाली. मुद्दा एकच: पहिला कोण खेळणार? दोघांचे शर्ट फाटल्यावर हिंमतरावांनी मागे गिरणीचा पट्टा बंद केला आणि निकाल दिला.

"गिरणीत एकच कायदा हाय. ज्याचा डबा म्होरं, त्याचं दळण आधी. मानूस घरी जाऊन झोपू दे, न्हायतर लग्नाला जाऊ दे. डबा हाय म्हंजी मानूस हाय."

इतका स्वच्छ कायदा देशात दुसरा नसेल. डाव्या भिंतीला दळणाचे डबे, उजव्या भिंतीला मशीनचे. डबा स्वतःचा असावा (आईचा चालेल, आई स्वतःचीच असते). आत काही ठेवू नये, उंदीर होतात. एका माणसाचा डबा एकाच रांगेत. दुसरी रांग धरायची तर पहिलीतला डबा उचलायचा. गुरुवारी लाइट नसल्यामुळे रांग बंद. रांगेला लाइट कशाला लागते, असं विचारणाऱ्याला हिंमतराव हाच नियम जास्त मोठ्या आवाजात ऐकवत. एकाने डब्याऐवजी हेल्मेट ठेवून बघितलं, ते फेटाळण्यात आलं. (त्याचं म्हणणं होतं की नाहीतरी पुण्यात हेल्मेटचा दुसरा उपयोग काय?)

पहिला डबा धम्मदीपचा, म्हणजे कांताबाईंचा. दुसरा दत्तप्रसादचा. दत्तप्रसाद मूळचा वाशिमकडचा, हिंजवडीत कंपनीत होता आणि धायरीत रूम करून राहायचा. मेसला जेवणाऱ्या माणसाकडे पिठाचा डबा कुठून असणार? त्याने प्रोटीन पावडरचा ठेवला. कंपनीच्या बसमध्ये रोज जायला-यायला जो वेळ मिळे, त्यात त्याने नवीन मशीनबद्दल जगात छापून आलेलं सगळं वाचलं. बरंच न छापलेलंही वाचलं.

आता पहिला नंबर ही गंमत नव्हे. त्याची तयारी लागते. धम्मदीपने जुन्या मशीनवर खेळणं बंद केलं, कारण जुन्यावर खेळून हात बिघडतो. रोज येऊन तो डब्यावरचं पीठ पुसायचा आणि खेळणाऱ्या पोरांकडे, पोळी संपल्यावर पंगतीत उशिरा आलेल्या पाहुण्याकडे बघावं तसं बघायचा. अकरावी त्याने आधीच सोडली होती. शाळेत जे शिकवतात ते सगळं होऊन गेलेलं असतं, म्हणजे आलेल्या यंत्रातलंच, हे त्याला लवकर समजलं होतं.

वडील बाबुराव यांनी ओळखीतून हिंजवडीत एक काम बघून ठेवलं. कॅमेरे बसवणाऱ्याकडे, सोमवारपासून ये म्हणाला होता.

"जातो ना," धम्मदीप म्हणाला. "मशीन येऊ दे."

"मशीनचा आणि कामाचा काय संबंध?"

"पप्पा, मी हिंजवडीच्या ट्रॅफिकमध्ये असताना मशीन आलं तर? तिथनं परत येईपर्यंत ते जुनं होईल."

बाबुरावांनी पेपर उघडला. ट्रॅफिकबद्दल त्यांना काही बोलता येण्यासारखं नव्हतं.

वाट बघणारा माणूस फक्त खूश असतो असं समजू नये. त्याला काळज्याही असतात, आणि त्या वाट्टेल त्याला जमत नाहीत. नवीन मशीनमध्ये गेम लगेच सुरू होणार, मध्ये थांबावं लागणार नाही, ही आशा. पण मग वडापाव कधी खायचा, ही काळजी. चेहऱ्यावरचा घाम दिसणार, ही आशा. घाम आपल्याच टीमला जास्त येणार, ही काळजी. सीडी नसणारच म्हणतात. मग घासलेली सीडी बनियनला पुसून, टूथपेस्ट लावून, फुंकर मारून चालू करण्याची जी विद्या धायरीत तयार झाली, तिचं काय? धम्मदीपने वडापावच्या गाडीवर पाहणी केली. नव्वद टक्के मुलांनी नवीन मशीन भारीच असणार असं सांगितलं. उरलेल्या दहा टक्क्यांच्या तोंडात घास होता, त्यांनी मान हलवली.

"अबे, पाणी कसं दिसनार आहे माहीत आहे का?" दत्तप्रसाद सांगायचा. "टोटल रियल. रेसमध्ये बाजूनं समुद्र, लाटा, सगळं."

"तू बघितलायस का खरा समुद्र?"

"नाही. काऊन?"

"मग रियल आहे हे कसं कळलं?"

"लिहिलंय ना बाप्पा तिथं."

धम्मदीपनेही समुद्र बघितला नव्हता. पण त्या दिवसापासून डोळे मिटले की त्याला एक ओला रस्ता दिसे, एका बाजूला पाणी, आणि गाडीत तो. मागे कुणी नाही, पुढे कुणी नाही. पहिला. कुठल्याच गोष्टीत तो आजवर पहिला आला नव्हता, त्यामुळे हे चित्र तो कुणाला सांगत नसे.

आणि मशीन आलं.

हिंमतरावांनी नारळ फोडला. मशीनला हळदकुंकू वाहिलं (थोडं आत गेलं). धम्मदीप केस कापून, इस्त्रीचा शर्ट घालून आला होता. मागे पोरं एकमेकांच्या खांद्यावर चढलेली. तो खुर्चीत बसला. रिमोट हातात घेतला, नवीन, गुळगुळीत, सगळी बटणं वर आलेली. टीव्हीवर ओला रस्ता होता. बाजूला पाणी होतं. खाली लिहिलं होतं: सुरू करण्यासाठी कोणतंही बटण दाबा. त्याच्या अंगठ्याला घाम आला.

"अबे!" मागून दत्तप्रसाद ओरडला. त्याचे डोळे फोनमध्ये होते. "याच्या नेक्स्टवाल्याची न्यूज आली! डबल स्पीड! याच्यापेक्षा डबल!"

मग डबे वाजायला लागले. पोरं आपापला डबा उचलायला उजव्या भिंतीवर तुटून पडली. हिंमतरावांनी शांतपणे बाहेरच्या विजेच्या खांबाकडे बोट केलं. "नवी रांग तिथनं."

"काका, मी एकदा खेळून घेतो, मग लावतो," धम्मदीप म्हणाला.

"लाव की. मागं लाव."

त्याने टीव्हीकडे बघितलं. समोर होतं ते आलेलं मशीन होतं. म्हणजे आता ते तापणार, अडकणार, पीठ खाणार. त्याने रिमोट खुर्चीत ठेवला, डबा उचलला आणि दोघांना कोपर मारून खांबाशी पहिला पोचला.

कांताबाई गहू घेऊन आल्या तेव्हा गेम झोनमध्ये एकही पोर नव्हतं. गहू त्यांनी जुन्या उशीच्या अभ्र्यात आणले होते. ते हिंमतरावांकडे दिले आणि पाय दुखत होते म्हणून समोरच्या खुर्चीत बसल्या. बसताना रिमोट टोचला. तो उचलताना कोणतंही बटण दाबलं गेलं.

गाडी निघाली.

"आई!" धम्मदीप खांबापासून ओरडला. "डावीकडे घे! अगं वेग वाढव, शेवटची येशील!"

"मला कुठं पोचायचंय?"

सगळ्या गाड्या पुढे निघून गेल्या. कांताबाईंनी आपली गाडी सावकाश रस्त्याच्या कडेला घेतली आणि थांबवली. पाणी हलत होतं. लाट यायची, फुटायची, परत जायची. मागे त्यांचे गहू दळले जात होते आणि त्यांच्या केसांवर हळूहळू पीठ बसत होतं.

"धम्मा, ये की," त्या वळून म्हणाल्या. "दोघं बसू. बघ, किती मोठा आहे समुद्र."

धम्मदीपने मान उंच करून बघायचा प्रयत्न केला. खांबापासून टीव्हीचा एक कोपरा दिसत होता, त्यात थोडं निळं होतं.

"तू बघ, आई," तो म्हणाला. "पुढच्या मशीनमध्ये याच्यापेक्षा भारी समुद्र असणारे. मी तो बघेन."

हसलात ना? हसा. तुमच्या खिशातला फोन धड चालतोय, तरी पुढचा कुठल्या महिन्यात येणार हे तुम्हाला पाठ आहे. घरात कुणीतरी तुमच्याशी बोलतंय, त्यांना तुम्ही "हं, हं" करताय. आणि ही गोष्टसुद्धा तुम्ही, किती राहिलीय अजून, हे मध्ये दोनदा बघून मग वाचलीत.

पुढं काही नाहीये. मला निघायला हवं आता, खांबाशी डबा लावायचाय.