दूध गॅसवर, हेडक्लार्क रस्त्यावर

हेडक्लार्क त्या दुकानात शिरले ते फक्त गार हवा खायला. बाहेर ऊन मी म्हणत होतं. बायको पलीकडच्या दुकानात कुकरची रिंग निवडत होती. ती शाळेत गणित शिकवते, त्यामुळे प्रत्येक रिंग उलटसुलट करून, उत्तर बरोबर पण रीत चुकलेली असावी तशा नजरेने ती बघत होती. म्हणजे वेळ लागणार होता. एवढ्यात समोरचं काचेचं दार आपोआप उघडलं. वीजपुरवठ्याच्या तक्रार विभागात उभा जन्म गेलेल्या माणसाला दारं तोंडावर बंद होण्याची सवय असते (खरं तर लोकांच्या तोंडावर ती बंद करण्याची). आपल्यासाठी एखादं दार स्वतःहून उघडलंय म्हटल्यावर हेडक्लार्क भारावून आत गेले.

आत धावण्याचे शूज होते. पण ते दुकानात ठेवतात तसे ठेवलेले नव्हते. एकेका शूजला स्वतंत्र काचेचा कप्पा, वरून स्वतंत्र दिवा. कंपनीची खूण म्हणजे एक उडणारा स्वल्पविराम. एका अख्ख्या भिंतीवर धावपटूंचे फोटो आणि खाली त्यांचे अनुभव. हेडक्लार्कांनी हात मागे बांधून ते वाचायला सुरुवात केली. एका आजीबाईंनी लिहिलं होतं, ‘गुडघे माझे, पण उडी यांची.’ एका दंतवैद्याने लिहिलं होतं, ‘डोंगर चढून गेलो, वर पोचल्यावर कळलं की डोंगर होता.’ एका बाईंचा अनुभव एकाच शब्दाचा होता: ‘अजून!’

हेडक्लार्कांनी आयुष्यात हजारो अर्ज वाचले होते. त्यात कुणीही, कशाबद्दलही समाधानी असल्याचं त्यांच्या वाचनात नव्हतं. ते थक्क झाले.

“सर, पाय बघू या का?” विक्रेती मुलगी म्हणाली.

पाय बघू या असं त्यांना आजवर फक्त डॉक्टर म्हणाले होते, तेही काळजीच्या सुरात. मुलीने त्यांना एका फिरत्या पट्ट्यावर चालवलं, मागून त्यांच्या टाचांचा व्हिडिओ काढला, आणि तो पडद्यावर हळूहळू फिरवून दाखवला. एवढ्या आस्थेने त्यांच्याकडे कुणी बघितल्याला बरीच वर्षं झाली होती.

“न्यूट्रल आहे सर तुमचा पाय.”

“म्हणजे वाईट?”

“छे! फार छान. दोन्हीकडे कुठेच कलत नाही.”

हेडक्लार्कांचा ऊर भरून आला. ऑफिसातल्या दोन गटांमध्ये न्यूट्रल राहायचा त्यांनी जिवापाड प्रयत्न केला होता आणि दोन्हीकडून बोलणी खाल्ली होती. पायांनी मात्र गुपचूप ते साधलं होतं.

मग शूजपाठोपाठ कपडे आले. लिंबासारखा पिवळाजर्द शर्ट आणि काळी, कातडीला चिकटून बसणारी पँट. “हे कापड श्वास घेतं सर,” मुलगी म्हणाली. ट्रायलच्या खोलीत त्यांना ते शंभर टक्के पटलं, कारण पँट वर चढवताक्षणी त्यांचा स्वतःचा श्वास थांबला. (किंमत इथे सांगत नाही. त्यांनी ती घरीही सांगितलेली नाही.)

त्यानंतर काही दिवस ते शूज खोक्यातच होते. ऑफिसातून आलं की हेडक्लार्क खोकं उघडत, आतला पातळ कागद बाजूला करत आणि नुसते बघत बसत. वास घेत. एकदा तर त्यांनी सोल गालाला लावून बघितला. (मऊ होता.)

“धावायला घेतलेत की दर्शनाला?” बायकोने विचारलं.

“योग्य वेळ आली पाहिजे.”

योग्य वेळ आली ती अशी. त्या दिवशी हेडक्लार्कांना सुट्टी होती आणि बायकोच्या, म्हणजे बाईंच्या, शाळेत परीक्षा. निघताना बाईंनी दुधाचं पातेलं दाखवून बजावलं, “तापवायला ठेवा आणि तिथेच उभे राहा. पेपर वाचू नका. विचार करू नका. दुधाकडे बघा.” हेडक्लार्कांनी मान डोलावली, गॅस पेटवला, पातेलं ठेवलं आणि दुधाकडे बघायला लागले. दूध काही करत नव्हतं. तेव्हा त्यांच्या मनात आलं, तोवर एकदा अंगावर चढवून तर बघू.

चढवलं. पण घरातल्या आरशात माणूस छातीपर्यंतच दिसतो. खाली स्वल्पविराम लावलेले पाय कसे दिसतात ते कसं कळणार? पूर्ण उंचीचा आरसा इमारतीत एकच, लिफ्टमधला. लिफ्ट दारासमोरच उभी होती. हेडक्लार्क दोन पावलं बाहेर गेले, लिफ्टमध्ये शिरले आणि त्यांनी आरशात बघितलं.

आरशात एक धावपटू उभा होता. पोट थोडं होतं, पण तेसुद्धा कुठेतरी पोचायच्या घाईत असल्यासारखं पुढे झुकलेलं होतं. हेडक्लार्कांनी एक गुडघा उचलला. मग दुसरा. तेवढ्यात खालून कुणीतरी बटण दाबलं आणि लिफ्ट धावपटूसकट तळमजल्यावर गेली.

दारात समोरच्या फ्लॅटमधल्या मावशी होत्या. मावशी निवृत्त नर्स. त्यांनी हेडक्लार्कांना खालून वर बघितलं आणि त्यांच्या हातातली पिशवी गळून पडली.

“अहो, कुठे भाजलं?”

“भाजलं नाही मावशी.”

“मला शिकवू नका. बर्न वॉर्डात पंधरा वर्षं काढलीत. असे घट्ट कपडे भाजलेल्यांनाच घालतात, उगीच नाही. बसा, बसा खाली!”

“बसता येत नाही मावशी.”

“बघा! म्हटलं ना!”

धावण्याचे कपडे आहेत हे मावशींच्या गळी उतरेपर्यंत लिफ्ट वर आली होती, आणि हेडक्लार्कांच्या घराचं दार वाऱ्याने लागलं होतं. कुलूप आपोआप बसणारं. किल्ली आत. फोन आत. पाकीट आत. आणि गॅसवर दूध.

 मावशींनी आपल्या फोनवरून बाईंना फोन लावला, तर तो बंद. परीक्षेच्या वेळी शिक्षकांचे फोन मुख्याध्यापकांच्या कपाटात असतात. शाळेचा नंबर होता तो हेडक्लार्कांच्या आत राहिलेल्या फोनमध्ये. किल्लीवाल्याला लावला, तो गावाला. मावशी म्हणाल्या टॅक्सी करा, मी पैसे देते. हेडक्लार्क खाली पळाले, तर पाइपलाइनसाठी रस्ता खणलेला आणि गाड्या एकमेकींना चिकटून उभ्या. आधी दूध उतू जाणार, मग गॅस विझणार, मग तो घरभर पसरणार, मग... तक्रार विभागातल्या माणसाला पुढचं सगळं व्यवस्थित दिसतं. दुसरी किल्ली होती ती बाईंच्या पर्समध्ये, शाळेत, दोन-अडीच किलोमीटरवर.

हेडक्लार्क धावायला लागले.

आणि इथे एक नवल घडलं. पहिलं पाऊल पडलं आणि ते जमिनीने अलगद परत दिलं. दुसरं पडलं, तेही दिलं. हेडक्लार्कांना वाटलं, चुकून झालं असेल. त्यांच्या अनुभवात दिलेली गोष्ट परत मिळत नाही. पण शूज प्रामाणिक होते. लाँड्री मागे गेली, टायरवाला मागे गेला, डेंटिस्टची पाटी मागे गेली. रोज ज्या बसमागे ते हात हलवत उभे राहायचे ती बस खड्ड्याशी अडकून पडली होती. हेडक्लार्क तिच्या बाजूने पुढे निघून गेले. खिडकीतल्या माणसांनी माना वळवल्या. एका लहान मुलीने टाळ्या वाजवल्या. ड्रायव्हरने तर चक्क बोटं कपाळाला लावली. कपड्यांची ताकद बघून हेडक्लार्क अवाक झाले. इस्त्रीच्या शर्टात त्यांना आजवर कुणी रस्तासुद्धा विचारला नव्हता.

मात्र तळ्याकाठच्या वळणावर त्यांच्या बरगडीखाली कळ उठली आणि छातीत भाता चालू झाला. नेमका तेव्हाच एक उंच, शिडशिडीत तरुण त्यांच्या बरोबरीला आला. अंगात तोच स्वल्पविराम, मनगटावर भिंतीवर शोभेल एवढं घड्याळ.

“मस्त काका! पेस काय?”

“पैसे... घरीच राहिले,” हेडक्लार्क धापा टाकत म्हणाले.

तरुण हसला. (धावणाऱ्यांच्या भाषेत पेस म्हणजे वेग, आणि टेम्पो, इंटरव्हल हे सरावाचे प्रकार.) “टेम्पो आहे का आज?”

“टेम्पो कुठला मिळतोय या गर्दीत? म्हणून तर पायी.”

“अच्छा, म्हणजे इंटरव्हल!”

“इंटरव्हलच्या आत... पोचायचंय. नाहीतर शाळेत... गोंधळ. बायको आहे तिथे.”

“काकू पण धावतात?”

“तिला अजून... काही माहीत नाही.”

“सरप्राइज!” तरुणाच्या डोळ्यांत आदर दाटून आला. त्याने आपली पाण्याची बाटली पुढे केली. “आणि शूज कसे वाटतायत काका?”

हेडक्लार्कांनी खाली बघितलं. पाय अजून चालू होते. कसे, ते त्यांनाही कळत नव्हतं. दुकानाच्या भिंतीवरची माणसं खोटं बोलत नव्हती तर.

“शूजच धावतायत,” ते म्हणाले. “मी नुसता वर उभा आहे.”

तरुण दोन पावलं मागे राहिला आणि तोंडातल्या तोंडात ते वाक्य घोळवत दुसऱ्या रस्त्याने गेला.

शाळेचा वॉचमन हा एक खमक्या माणूस. बाईंचा डबा पोचवायला हेडक्लार्क जेव्हा जेव्हा आले होते, तेव्हा त्याने त्यांना फाटकाबाहेरच उभं केलं होतं. आज त्याने लांबून पिवळाजर्द शर्ट बघितला, स्टूल सोडलं आणि कडक सलाम ठोकला.

“सर, मैदान डावीकडे.”

“परीक्षा... हॉल...”

“वरचा मजला सर!” वॉचमनने फाटक सताड उघडलं.

सातवीचा वर्ग होता. चाळीस माना खाली, बाई मागच्या भिंतीशी. दारात सावली पडली तशा त्या तरातरा पुढे आल्या आणि दबक्या, धारदार आवाजात म्हणाल्या, “परीक्षा चालू आहे. स्पोर्ट्सवाल्यांनी खाली थांबा.”

“अगं, मी.”

बाईंनी चष्मा काढला, पदराने पुसला, परत घातला. चाळीस माना वर झाल्या.

“अहो! तुम्ही? हे काय घातलंय?”

“दूध. गॅस. किल्ली.” यापलीकडे हेडक्लार्कांकडे श्वास शिल्लक नव्हता.

बाईंचा चेहरा पांढराफटक पडला. शेजारच्या वर्गातल्या सरांना लक्ष ठेवायला सांगून त्या मुख्याध्यापकांच्या खोलीत धावल्या आणि तिथल्या फोनवरून मावशींना फोन लावला. हेडक्लार्क भिंत धरत मागोमाग पोचले, तोवर पलीकडून मावशींचा आवाज खोलीभर येत होता.

“अगं, गॅस कधीच बंद केला मी! पाइपचा गॅस ना आपला? व्हॉल्व्ह बाहेर, माझ्याच दाराशी आहे. ते गेले आणि मला आठवलं. खिडकीतून हाका मारल्या, पण तुझा नवरा दिसेल तर ना! वाऱ्यासारखा गेला.”

बाईंनी फोन ठेवला. मग नवऱ्याला आपादमस्तक न्याहाळलं. घामाने निथळलेला, लिंबासारखा पिवळा, पाय लटपटणारा माणूस.

“तुम्ही घरापासून धावत आलात?”

“हो.”

“सगळं अंतर?”

“तळ्याशी एकदा वाटलं थांबावं. पण शूज थांबेनात.”

“अहो, मुलीच्या जन्माच्या वेळीसुद्धा तुम्ही चालत आला होतात.”

“तेव्हा हे शूज नव्हते,” हेडक्लार्क म्हणाले.

 बाईंनी पर्समधून किल्ली काढून नवऱ्याच्या तळहातावर ठेवली आणि ती देताना हात क्षणभर तसाच राहू दिला. मग वर्गात परतल्या. आतून एका मुलाचा आवाज आला, “बाई, ते कोण होते?” आणि बाईंचं उत्तर, गणिताच्या बाईंना न शोभेल इतकं हळुवार, “आमच्या घरचे आहेत. पेपर लिहा.”

हेडक्लार्क जिन्यात उभे राहून ते एक वाक्य ऐकत होते. एवढ्या वर्षांच्या संसारात आपल्याबद्दल बोलताना तिचा आवाज असा झालेला त्यांना आठवत नव्हता. डोळे भरून आले. (घामही असू शकेल.) फाटकाशी वॉचमनने परत सलाम ठोकला. घरी ते चालत गेले. पण एखाद्या मोठ्या खेळाडूने स्पर्धा संपल्यावर मैदानाला फेरी मारावी तसे गेले.

दुसऱ्या दिवशी सकाळी गजर झाला आणि हेडक्लार्कांनी पाय पलंगाखाली सोडायचा प्रयत्न केला. पाय आले नाहीत. मांड्या लाकडाच्या झाल्या होत्या, पोटऱ्यांत कुणीतरी खिळे ठोकले होते, आणि शिंक आली तेव्हा तर अख्खा माणूस कळवळला. ऑफिसला जाणं शक्यच नव्हतं. बाईंनी साहेबांना फोन लावला.

“नमस्कार साहेब. आज हे येऊ शकणार नाहीत. काल धावल्यामुळे पाय धरलेत त्यांचे... हो, धावल्यामुळे... हे म्हणजे हेच, आमचे... नाही, कुत्रं मागे नव्हतं लागलं... आपणहून... दोन-अडीच किलोमीटर... थांबा हं.”

बाईंनी फोनवर हात ठेवला.

“साहेब हसतायत. सगळ्या ऑफिसला ऐकवतायत बहुतेक.”

“खरं आहे म्हणून सांग!” हेडक्लार्क पलंगावरून ओरडले आणि त्या जोराने परत कळवळले. “बसला मागे टाकलं म्हणून सांग!”

बाईंनी तेही सांगितलं. पलीकडून हसण्याचा नवा लोंढा आला. मग साहेब बराच वेळ काही बोलत राहिले. बाई ऐकत राहिल्या, नवऱ्याकडे बघत राहिल्या. आणि मुलांच्या खोट्या सबबी पकडण्यात जिंदगी गेलेल्या त्या गणिताच्या बाई शेवटी नाइलाजाने म्हणाल्या,

“बरं साहेब. पटण्यासारखंच कारण हवं असेल तर मग... पोट बिघडलंय असं लिहा.”