सरवदेकाकांचं वायरिंग

सरवदेकाका कुणाच्याही घरी गेले की आधी माणसांकडे बघत नाहीत. सरळ स्विचबोर्डाकडे जातात, हात उलटा करून त्याच्यावर टेकवतात आणि डोळे मिटून क्षणभर उभे राहतात. फणफणलेल्या पोराच्या कपाळाला आई हात लावते, अगदी तसा.

वारज्यातल्या या सोसायटीत आम्ही नुकते राहायला आलो होतो. बेल वाजली म्हणून दार उघडलं, तर समोर उंच, सडपातळ गृहस्थ, पायात कॅनव्हासचे बूट. मी ‘या ना’ म्हणेपर्यंत ते स्वयंपाकघरात पोचलेसुद्धा.

“कसर आहे,” ते म्हणाले.

“कुणाला?” मी घाबरून विचारलं. घरात लहान मूल नव्हतं, पण आवाजच असा होता.

“तुमच्या बोर्डाला. फ्रिज, मिक्सर आणि ओव्हन, तिघांना एकाच तारेवर बसवलंय. मी सरवदे. खालच्या मजल्यावर असतो. चहा नको.”

एवढं बोलून ते गेले. माझ्या नवऱ्याने, आनंदने, दुसऱ्याच दिवशी वायरमन बोलावला. वायरमनने बोर्ड उघडला, आतली करपलेली तार आम्हाला दाखवली आणि “कुणी सांगितलं तुम्हाला?” असं विचारलं. आम्ही जमिनीकडे बोट दाखवलं.

काका आयुष्यभर विमा कंपन्यांसाठी सर्वेक्षक होते. कुठे दुकान, गोदाम, छापखाना जळाला की नुकसान बघायला काका. “लोक सकाळी फिरायला जातात, मी राखेत जायचो,” ते सांगतात. “आग कुठे लागली ते कुणालाही दिसतं हो. कुठून लागली ते बघायला भिंत फोडावी लागते.” या कामाने त्यांना चार पैशांबरोबर एक वैरही दिलं. भिंतीत गाडलेल्या वायरींशी. पीओपीची फॉल्स सीलिंग बघितली की ते खिन्न होतात. “सुंदर,” म्हणतात. “जळतानासुद्धा सुंदर दिसेल.”

त्यांच्या स्वतःच्या घरात एकही वायर भिंतीच्या आत नाही. सगळ्या भिंतींवरून पांढऱ्या पट्ट्या फिरतात, जागोजागी झाकणं, प्रत्येक झाकणावर काकांच्या अक्षरात नाव. ‘पंखा.’ ‘देवघरातला नव्हे, दिवाणखान्यातला दिवा.’ (आधीच्या मालकांच्या देवघराला त्यांनी पुस्तकांचं कपाट केलं होतं, पण तिथला दिवा अजून ‘देवघरातला’ होता.) एका झाकणावर नुसतंच ‘घाबरू नये, उघडावे’.

एकदा सोसायटीतल्या लग्नात काका जेवणाच्या वेळी गायब झाले. शोधाशोध केली, तर ते स्टेजच्या मागे गुडघ्यांवर बसून केबलीला हात लावून बघत होते. वरपित्याला वाटलं हा मांडववाल्याचा माणूस. “अहो, झुंबर लागत नाहीये, इथे काय करताय?” म्हणून त्यांनी काकांना चांगलंच फैलावर घेतलं. काकांनी खुलासा केला नाही. पंगतीला येऊन बसले तेव्हा झुंबर लागलेलं होतं आणि काकांच्या सफारीच्या गुडघ्यांना माती होती.

उज्ज्वलाकाकू बुटक्या, हसऱ्या, आणि नवऱ्यासमोर जवळजवळ अबोल. काका इतक्या चढ्या आवाजात बोलतात की घरातला बोलण्याचा सगळा कोटा तेच संपवत असावेत, असं मला वाटायचं.

आता माझं सांगते. माझा व्यवसाय कान तपासण्याचा. डेक्कनजवळ छोटा दवाखाना आहे. वाघोलीच्या पुढच्या गावांमधून, बांधकामांवरच्या वस्त्यांमधून पालक मुलांना घेऊन येत, आणि तपासणीपेक्षा येण्याजाण्यातच त्यांचा दिवस बुडे. बहुतेक येतच नसत. म्हणून मी ठरवलं की आपणच जायचं. एका मांडववाल्याकडून सामान वाहायचा जुना बंदिस्त ट्रेलर घेतला. आनंदच्या जीपच्या मागे तो जोडायचा, आत एक आवाजबंद खोली करायची आणि शाळेच्या मैदानात नेऊन उभा करायचा; वीज शाळेची, नाहीतर आतल्या बॅटरीची. ट्रेलर सोसायटीच्या पार्किंगच्या कोपऱ्यात आला आणि सोपानमिस्त्री कामाला लागला.

पत्र्याला आतून स्पंज, त्याच्यावर प्लायवूड, आणि दोन्हींच्या मधून सगळ्या वायरी, असा सोपानचा बेत होता. पहिला प्लाय ठोकायला घेतला आणि दारात कॅनव्हासचे बूट दिसले.

“वायर कुठून नेताय?” काकांनी विचारलं.

“आतून, काका,” मी अभिमानाने म्हणाले. “एकही दिसणार नाही.”

“हे तुम्ही गुण म्हणून सांगताय?”

सोपान हातोडी धरून तसाच थांबला.

“ही खोली नाही,” काका म्हणाले, “हे चाकांवरचं घर आहे. वाघोलीच्या रस्त्यावरून जाणार. पत्रा हलणार, प्लाय हलणार, मधली वायर दोघांमध्ये घासत राहणार. एक दिवस तुमचं मशीन बंद पडेल. मग शाळेच्या मैदानात प्लाय फोडत बसाल का?”

“पण बाहेरनं वायर घेतली तर दिसायला बेकार दिसंल, काका,” सोपान म्हणाला.

“दिसू दे की.”

त्या दिवसापासून काका रोज सकाळी न्याहारी करून ट्रेलरवर हजर. मी त्यांना बोलावलं नव्हतं आणि जा म्हणायची माझी हिंमत नव्हती. आज वाटतं, बरं झालं, नव्हती.

काकांच्या अटी पुष्कळ होत्या. वायर कंबरेच्या उंचीवर, झाकणाच्या पट्टीतून जाणार. जोड फक्त डबीत, आणि डबीपुढे कपाट किंवा खुर्ची येणार नाही. सगळ्या झाकणांचे स्क्रू एकाच मापाचे, म्हणजे एका पेचकसाने सगळं उघडेल. आणि तो पेचकस तिथेच दोरीला टांगलेला. पत्र्याच्या भोकातून वायर जाते तिथे रबरी कडं. तार बारीक धाग्यांची, कारण जाड एकसंध तार हादऱ्यांनी तुटते. आणि प्रत्येक पट्टीत वायरींबरोबर एक रिकामी सुतळी. “ही कशाला?” मी विचारलं. “उद्या तुम्हाला आणखी एक दिवा घ्यावासा वाटेल. तेव्हा हिला नवी वायर बांधा आणि पलीकडून ओढा. तुमच्या उद्याची सोय आज करून ठेवतोय, दुसरं काय?”

माझ्या यंत्राच्या वायरी दिव्यांच्या वायरींपासून लांब, समोरच्या भिंतीवरून न्यायच्या, हेही त्यांनीच सांगितलं. जवळ आल्या तर यंत्रात गुणगुण येते. ती गुणगुण काकांना माझ्याआधी ऐकू येई.

सोपान पहिले दोन दिवस धुसफुसला. तिसऱ्या दिवशी मी बघते तर तो पट्ट्यांच्या कोपऱ्यांना घासून गोलाई आणत होता, रंग लावत होता. “आता दिसनारच हाय तर नीट दिसू दे,” तो म्हणाला. काकांनी ते काम निरखून बघितलं आणि “हं” म्हणाले. सोपान दिवसभर खुशीत होता.

शेवटची परीक्षा काकांनीच घेतली. मी नको नको म्हणत असताना ते ट्रेलरमध्ये जाऊन बसले आणि आनंदला म्हणाले, “कंपाउंडातून फिरवा. हळू. गतिरोधकावरून दोनदा.” आनंदने जीप फिरवली. वॉचमन, दोन आज्या आणि सगळी पोरं जमा. दार उघडलं तेव्हा काकांच्या केसांत भुसा होता.

“पंख्याची पट्टी बडबडते आहे,” ते म्हणाले. “बाकी ठीक.”

पहिलं शिबिर वाघोलीच्या पुढच्या एका शाळेत होतं. रस्ता काकांनी वर्णन केला होता तसाच. मैदानात मुलांची रांग, भोवती त्या दिवसाचं काम सोडून आलेले आईबाप. पाच-सहा मुलं तपासून झाली आणि यंत्र बंद पडलं. दिवे चालू, पंखा चालू, यंत्र बंद. रांग शांतपणे माझ्याकडे बघत होती.

मी काकांना फोन लावला.

“मोठ्याने बोला,” काका ओरडले. “लाइन खराब आहे.” काकांची लाइन कायमच खराब असते.

मी ओरडून सांगितलं.

“आधी मेन बंद करा. बॅटरीची पण. केली? दोन्ही? आता यंत्राच्या पट्टीवर दाराकडून तिसरं झाकण. पेचकस टांगलेला आहे. उघडा.”

उघडलं. आत एक तार स्क्रूखालून निसटून बाहेर आलेली, अगदी स्वच्छ दिसत होती. मी ती परत आत सरकवली, आवळली, ओढून बघितली, झाकण लावलं. मेन चालू केली. यंत्राचा हिरवा दिवा लागला आणि रांगेतून मुलांनी टाळ्या वाजवल्या, का ते त्यांनाही माहीत नव्हतं.

“लागलं, काका!”

मग ते म्हणाले, “सोपानला सांगू नका. तो जोड मी स्वतः आवळला होता.”

त्यानंतर जी मुलगी आत आली तिचं नाव रूपाली. “ही लक्षच देत नाही हो,” तिच्या बाई मला बाहेरच म्हणाल्या होत्या. रूपाली काचेपलीकडे खुर्चीत ताठ बसली. उजव्या कानात आवाज सोडला की हात वर करायची. डाव्या कानात सोडला की माझ्याकडे बघत वाट पाहायची. पुन्हा सोडला, वाढवला. ती आपली वाट पाहत होती, अगदी मन लावून. वर्गात तिची जागा भिंतीकडची होती आणि बाई बोलत ते सगळं तिच्या डाव्या बाजूने येई. बाईंना मी समजावलं तेव्हा त्यांनी रूपालीला जवळ घेतलं आणि कितीतरी वेळ तिच्या केसांवरून हात फिरवत राहिल्या. पुढचे उपचार सुरू झाले, पण पुढच्या बाकावरची जागा तिला त्याच दुपारी मिळाली.

त्या दिवशी प्लायच्या मागे वायर असती तर आम्ही रांगेला हात जोडून परत आलो असतो. परतीच्या रस्त्यात मी आनंदला हे एकदा नाही, तीनदा म्हणाले.

संध्याकाळी काकांना रूपालीची गोष्ट सांगायला गेले. त्यांनी मला दोनदा परत सांगायला लावली. काकूंनी माझ्या हातावर लाडू ठेवला आणि माझ्या पाठीवर हात ठेवला.

खरं तर काकांच्या कानांबद्दल मला पहिल्यापासून शंका होती. माझं कामच ते. एकदा बोलता बोलता सुचवलंही होतं, तेव्हा त्यांनी विषय गीझरकडे नेला होता. पण दुसऱ्या दिवशी सकाळी ते तो निसटलेला जोड आवळायला ट्रेलरमध्ये आले, आवळला, आणि मग आतल्या खोलीत खुर्चीवर बसले.

“बसलोच आहे तर बघा,” ते म्हणाले. “यंत्र नीट चालतंय ना, तेवढंच.”

मी दार लावलं. जाड, खालच्या सुरातले आवाज काकांनी सगळे टिपले. पंख्याची घरघर, वायरींची गुणगुण, सैल पट्टीची खडखड, हे त्यांना का ऐकू येई ते समोर दिसत होतं. सूर चढत गेला तसा त्यांचा हात खालीच राहिला. मऊ आवाज, बायकांचं, मुलांचं हळू बोलणं, यातलं त्यांच्यापर्यंत फारसं काही पोचतच नव्हतं.

मी सगळं नीट समजावलं.

“म्हणजे यंत्र नीट आहे,” ते म्हणाले.

“यंत्र उत्तम आहे, काका.”

कानामागे लावायचं उपकरण घ्यायला ते तयार झाले. हातात दिल्याबरोबर विचारलं, “हे उघडतं का?” बॅटरीचं इवलंसं झाकण मी उघडून दाखवलं, तेव्हा कुठे कानाला लावलं.

आठवडाभराने ते आमच्याकडे आले. खुर्चीत बसले, दाराकडे बघितलं आणि, मी हे पहिल्यांदाच ऐकत होते, हळू आवाजात बोलले.

“उज्ज्वलाने विचारलं तर सांगा, की याचा अजून फारसा उपयोग होत नाहीये.”

“का? त्रास होतोय का?”

“छे हो. तिला सांगितलंय, सवय व्हायला वेळ लागेल.” त्यांनी पुन्हा एकदा दाराकडे बघितलं. “ती बोलते हो.”

“म्हणजे?”

“मला उत्तरं देते. दर वाक्याला. मी विचारतो, कुकरचं झाकण नीट लावलंस का? ती आत पुटपुटते, ‘नाही, तुमच्यासाठी उघडं ठेवलंय.’ मी म्हणतो, गॅस बघ. ती म्हणते, ‘बघितला, छान दिसतो.’ आणि भाजी चिरताना गाते. लग्न झालं तेव्हा गायची. मला वाटलं, माझ्या संगतीत सुटलं तिचं.” त्यांनी चष्मा काढून शर्टाला पुसला. “इतकी वर्षं मला वाटत होतं, या घरात मी एकटाच बोलतोय.”

“मग सांगा ना काकूंना! आनंद होईल त्यांना.”

“सांगणार. सांगणारच आहे. पण कळलं की लाजेल, गप्प होईल. थोडं ऐकून घेऊ द्या ना आधी.”

मी कबूल केलं.

परवा लाडवांचा डबा परत करायला गेले. काका स्वयंपाकघराच्या दाराशी स्टूल टाकून, मांडीवर परात घेऊन बसले होते. आतून फोडणीचा वास आणि काकूंचं गुणगुणणं येत होतं. त्यांनी मला ओठांवर बोट ठेवून खुर्ची दाखवली आणि नेहमीच्या खणखणीत आवाजात ओरडले, “उज्ज्वला, मटार सोलून झाले!”

गुणगुणणं थांबलं.

“झाले का?” आतून पुटपुटणं आलं. “मला वाटलं, निम्मे पोटात गेले.”

गाणं पुन्हा सुरू झालं. काकांनी चेहऱ्यावरची रेषही हलू दिली नाही. मान खाली घातली, आणि सोललेल्याच दाण्यांमधून पुन्हा पुन्हा बोटं फिरवत बसून राहिले.